गिनीपिगची खाज आणि २०१८ चे दोन नियम

पाऊस सुरू झाला की माझ्या इनबॉक्समध्ये खड्डे आणि तुंबलेल्या गटारांच्या फोटोंबरोबर आणखी एक फोटो येतो. केस गेलेला, अंगावर चट्टे पडलेला गिनीपिग. खाली ओळ असते, "दादा, गेल्या महिन्यात बरा झालेला, परत आलं. कुणी डॉक्टर आहे का ओळखीचा?"

विषय किरकोळ वाटेल. उंदराएवढा तो जीव, त्याच्यावर काय पोस्ट लिहायची! पण वाचा, कारण यात तुमच्या घरातली पोरंही आहेत.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथली हवा थंड आणि कोरडी. आपण त्याला खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये, जुलैच्या दमट हवेत, ओल्या भुशावर ठेवतो. त्वचा बिघडणारच. पण ती परत परत का बिघडते, याची कारणं वेगळी आहेत.

एक म्हणजे खरजेचे किडे. डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीत बिळं करतात. खाज एवढी भयंकर असते की प्राण्याला झटके येतात, कधी जीवही जातो. औषध आहे, पण एका डोसात अंडी मरत नाहीत. म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं, पिंजऱ्यातल्या जोडीदारालाही द्यावं लागतं आणि पिंजरा धुवून भुसा बदलावा लागतो. आपण पहिल्या डोसनंतर खाज थांबली की थांबतो. महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

दुसरं कारण खाण्यातलं. आपल्यासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. सशाचं खाद्य घालून भागत नाही, कारण ससा ते स्वतः बनवतो. रोज ताजी सिमला मिरची, कोथिंबीर, अधूनमधून पेरूची फोड द्या. पाण्यात गोळी विरघळवून उपयोग नाही, त्यातलं सत्त्व लवकर जातं. हे मिळालं नाही तर अंग खरबरीत होतं, सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत.

तिसरी बुरशी, म्हणजे गजकर्ण. हे प्राण्याकडून माणसाला होतं. पोरगं दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसतं, आठवड्याभरात हातावर, गळ्यावर गोल चट्टा. मग आपण मेडिकलमध्ये जातो आणि "खाजेचं क्रीम द्या" म्हणतो. हातात पडतं ते बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं. लालसरपणा लगेच जातो, बुरशी आत पसरत राहते. तीच ट्यूब गिनीपिगलाही लागते. तो अंग चाटतो, औषध पोटात जातं.

आता नियमांकडे या. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नियम आले. राज्याच्या पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही, खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी लागते. कुत्रा-मांजराबरोबर गिनीपिगचं नाव त्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. आता तुम्हीच सांगा, प्राणी घेताना कुणी नोंदणी क्रमांक दाखवला? आणि मलम घेताना कुणी चिठ्ठी मागितली? हे दोन्ही नियम पाळले गेले असते तर माझ्या इनबॉक्समधले निम्मे फोटो आलेच नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानदारांशीही बोललो. ते म्हणतात, गिऱ्हाईक स्वस्तातलं मागतं, नोंदणीचे कागद किचकट, आणि तपासायला कुणी येत नाही. पहिल्या दोन गोष्टी मान्य. पण चट्टे पडलेला प्राणी बाकीच्यांत ठेवून विकणं, याला कागद आडवे येत नाहीत.

डॉक्टरांचं काय? सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी. ते चूक नाही, तालुक्यात गुरं आहेतच. खाजगी डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. खात्रीची जागा म्हणजे परळ. तिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १८८३ पासूनचं प्राण्यांचं इस्पितळ आहे. पण पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, गाडी बदलून परळ, मांडीवर पिंजरा. त्यात डॉक्टरांची फी प्राण्याच्या किमतीपेक्षा जास्त. मग लोक काय करतात? मरू देतात आणि त्याच पिंजऱ्यात, त्याच भुशावर नवा आणतात. रोग तिथंच वाट बघत असतो.

२०१६ मध्ये आपली महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. तेव्हापासून शहर वाढलं, पाळीव प्राणीही वाढले. महापालिका आणि पशुसंवर्धन विभाग यांच्याकडे मागणी साधी आहे. नोंदणी असलेल्या दुकानांची यादी जाहीर करा. पावसाळ्याआधी एकदा तपासणी करा. आठवड्यातून एक दिवस तरी लहान प्राण्यांसाठी ओपीडी ठेवा. यात कोट्यवधीचं टेंडर नाही, म्हणूनच कदाचित कुणाला रस नाही.

आणि आपण? घ्यायच्या आधी कानामागे, पोटाखाली केस बाजूला करून बघा. नोंदणी आणि पावती मागा. गुरांचं इंजेक्शन अंदाजाने देऊ नका, ते या जिवाला फार जड असतं. घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी तर अजिबात नको, तिने पोटातले चांगले जंतू मरतात आणि पाठोपाठ गिनीपिग. चट्टा दिसला तर त्याला डॉक्टरांकडे न्या, पोराला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, आणि दोघांकडेही घरात दुसरा पेशंट आहे हे सांगा.

पनवेल परिसरात लहान प्राणी तपासणारे डॉक्टर कुणाला माहीत असतील तर कमेंटमध्ये दवाखान्याचं नाव आणि वेळ टाका. यादी मी करतो.