खरं बोललो म्हणून वॉरंटी गेली?

माझ्या मोबाईलचं चार्जिंग सातव्या महिन्यातच बंद पडलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने विचारलं, ‘कधी पडला होता का?’ खरं सांगितलं: एकदा, कोपऱ्याला थोडं खरचटलंय. झालं! ‘फिजिकल डॅमेज’, वॉरंटी नाही, साडेचार हजार भरा. बाहेर मित्र म्हणाला, ‘सांगितलंसच कशाला?’

हा सल्ला मला पटत नाही. पडून फुटलेली स्क्रीन वॉरंटीत मागणं चूकच. पण ओरखड्यामुळे चार्जिंग कसं बंद पडलं, हे त्यांनी दाखवायला नको? खोटं बोलायचं नाही, तसं गप्पही बसायचं नाही. मोबाईल देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जॉबशीटवर तक्रार नीट लिहून घ्या, नकाराचं कारणही लेखी मागा. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. मुदत २ वर्षं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो.

माझ्या जॉबशीटवर कारण म्हणून दोनच शब्द आहेत. तेवढ्यावर मी साडेचार हजार भरणार नाही.