उहुरा आणि आपल्या पोरी

उन्हाळी शिबिरात मुलींसाठी काय ठेवायचं, यावर परवा आमच्या महिला मंडळात बैठक झाली. मेंदी, केक, रुखवत पटकन ठरलं. मी आकाशदर्शन सुचवलं, तर एक काकू म्हणाल्या, "चांदण्या बघून का पोळ्या लाटता येणारेत? आणि रात्री पोरींना सोडणार कोण?" सगळ्या हसल्या. मला मात्र 'स्टार ट्रेक' आठवलं.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही अमेरिकन मालिका लागायची. आमच्या आळीत टीव्ही एकच. इंग्रजी ओ की ठो कळत नसे, तरी आम्ही पोरंपोरी सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचो. मुलांना टोकदार कानांचा स्पॉक आवडायचा. माझी नजर उहुरावर. कानात यंत्र घातलेली ही सावळी बाई यानाचं संदेशवहन सांभाळायची. चहाचा ट्रे आणणारी नव्हे, चक्क अधिकारी!

मालिका १९६६ ची. उहुरा झालेल्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर काम सोडणार होत्या. त्यांना थांबवलं मार्टिन ल्यूथर किंग यांनी. कृष्णवर्णीय बाई पडद्यावर मोलकरीण न होता बरोबरीनं काम करताना दिसते, याचं मोल त्यांना कळत होतं. १९७७ मध्ये स्त्रियांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत, म्हणून 'नासा'नं याच निकोल्सबाईंना प्रचाराला घेतलं. १९७८ च्या ३५ जणांच्या तुकडीत प्रथमच ६ स्त्रिया आल्या. लहानपणी उहुराला बघत वाढलेली मे जेमिसन तर १९९२ साली खरोखरच अंतराळात गेली. तिथं पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

तसं त्या मालिकेतही सगळं आलबेल नव्हतं बरं का! १९६९ च्या शेवटच्या भागात बाईला कप्तानपद मिळत नाही, असंच सुचवलंय. मुख्य कप्तान म्हणून जेनवे ही स्त्री खुर्चीत बसली, ती थेट १९९५ च्या 'व्हॉयेजर' मालिकेत. म्हणजे कल्पनेतल्या तेविसाव्या शतकातसुद्धा बाईला ताटकळावं लागलंच.

काकूंची रात्रीची काळजी मात्र खरी आहे. म्हणून आता ठरवलंय, आयांनीही डबे घेऊन शाळेच्या मैदानावर यायचं. विज्ञानाच्या बाई दुर्बीण आणणार आहेत. मेंदी दुपारी राहू दे की! आतापर्यंत सात आयांनी नावं दिलीत. काकूंनी अजून दिलेलं नाही, पण सगळ्यांपुरत्या दशम्या करून देते म्हणाल्यात.