सूक्ष्मदर्शक वैद्याच्या मेजावर हवा

असलेली वस्तूही डोळ्यांना का दिसत नाही, याची आठ कारणे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दिली आहेत. 'अतिसौक्ष्म्य' हे त्यांपैकी एक. विमानस्थानात रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात, असेही ते सांगतात. इंद्रियांची मर्यादा इतक्या स्पष्टपणे ओळखणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी सूक्ष्मदर्शकाला परके मानावे, हे विसंगत आहे.

या साधनाची आपल्याला खरी गरज आहे ती द्रव्यपरीक्षणासाठी. पूर्वी वैद्य ओली गुळवेल आणून स्वतः सत्त्व काढीत. आता यवतसारख्या गावातही सत्त्वे व चूर्णे तयार पुड्यांतून येतात. आषाढी वारीत श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्कामी असते. एका वर्षी वारकऱ्यांच्या सेवेसाठी घाऊक बाजारातून आणलेले गुळवेल सत्त्व मी भिंगाखाली पाहिले. गुळवेलीचे पिष्टकण साधारण दहा मायक्रॉनच्या आसपास असतात. त्यांत कित्येक पट मोठे, शिंपल्यासारखी वलये असलेले कण मिसळलेले दिसले. ते बटाट्याचे होते. रंग, स्पर्श वा चव यांवरून ही भेसळ मला कळली नव्हती. ते सत्त्व वाटले नाही. परंतु आदल्या वर्षी आपण काय वाटले, हा प्रश्न मनातून गेला नाही.

यासाठी महागडे यंत्र नको. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. दहापट नेत्रिका व दहापट वस्तुभिंग मिळून शंभरपट, तर चाळीसपट वस्तुभिंगाने चारशेपट दर्शन होते. काचपट्टीवर सुईच्या टोकाइतके चूर्ण व पाण्याचा थेंब घ्यावा. वरची पातळ काच तिरकी धरून हळूच टेकवावी, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. आरंभ नेहमी लहान भिंगाने करावा. मोठे भिंग लावल्यावर केवळ सूक्ष्म चक्रच फिरवावे, अन्यथा काच फुटते. आयोडीनच्या थेंबाने पिष्टकण निळे होतात. मिरीच्या चूर्णात असे कण विपुल असतात. पपईच्या बियांत ते नसतात. केशरात करडईच्या पाकळ्या मिसळल्या असतील, तर तिचे काटेरी परागकण ओळखू येतात.

याला मर्यादाही आहेत. भस्माची सिद्धी या यंत्राने ठरत नाही. रस, वीर्य, विपाक भिंगाखाली दिसत नाहीत. द्रव्य कोणते, एवढेच ते सांगते. परंतु द्रव्यच चुकले, तर अचूक निदानही व्यर्थ होते आणि दोष मात्र आयुर्वेदावर येतो.

भारतीय आयुर्वेदीय औषधिसंहितेत वनस्पतिद्रव्यांची सूक्ष्मदर्शकीय लक्षणे दिलेली आहेत. ती परीक्षेपुरती न वाचता प्रत्येक तालुका शाखेने एक सूक्ष्मदर्शक घ्यावा, खात्रीच्या द्रव्यांच्या काचपट्ट्या तुलनेसाठी जपाव्यात आणि मासिक सभेत नव्या मालाची एक तरी पुडी उघडून पाहावी. रुग्ण आपल्या हातून औषध घेतो ते विश्वासाने. त्या पुडीत काय आहे, हे आधी आपण पाहिलेले असावे.