हेगमधला ‘सरंजाम’

मराठीच्या प्राध्यापकाला ठरलेला एक प्रश्न असतो: ‘सर, या जुन्या शब्दांचा आता उपयोग काय?’ कर्जतच्या माझ्या वर्गात खालापूर-खोपोलीकडची मुले पुष्कळ. मी त्यांना खोपोलीच्या तळ्याची आठवण देतो. ते नाना फडणविसांनी बांधले; आणि नानांच्याच कारभारात, 1779 साली, पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला.

हा तह पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाचला गेला! 1954 साली दादरा-नगरहवेली हातची गेली, तेव्हा दमणहून तिकडे जाण्याचा हक्क पोर्तुगालने 1955 मध्ये मागितला. मराठ्यांनी ती गावे आम्हांला राज्य म्हणून दिली, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने तह, सनदा चाळल्या. निघाले काय? सालीना बारा हजारांचा सरंजाम! वसूल घ्यावा, राज्य नव्हे. सातबाऱ्यावर मालक कोण नि कूळ कोण हे पाहणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हा भेद चटकन कळेल.

पण इंग्रजांनी मागाहून पोर्तुगालची सत्ता मानली होती. तेही न्यायाधीशांनी जमेस धरले. तेथे खल बंद दाराआड चालतो आणि बहुमताने ठरते. पंधरांत आपले छागला होते. पोर्तुगालनेही आपला एक न्यायाधीश नेमला होता, तशी मुभाच आहे. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती: 11 विरुद्ध 4. भारताने कर्तव्य मोडले नाही: 9 विरुद्ध 6. आणि फौज, हत्यारबंद पोलीस, दारूगोळा यांना वाट नव्हती: 8 विरुद्ध 7.

हा शेवटचा आकडा फळ्यावर लिहिला, की मागचे बाकही गप्प होते.