माशाची अंगकाठी पाहिली पाहिजे

पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या तळ्यांत मत्स्यबीज सोडण्याची लगबग उडते, आणि पुढे वर्षभर त्या तळ्याविषयी एकच आकडा सांगितला जातो, तो म्हणजे किती हजार बीज सोडले. ते बीज कसे पोसले जात आहे, हे पाहण्याची चाल मात्र आपल्याकडे पडलेली नाही. पनवेल तालुक्यात नेरे व गाढी नदीच्या खोऱ्यातील गावांनी ती पाडावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

बैल विकत घेताना शेतकरी केवळ त्याची उंची पाहत नाही. बरगड्या व पाठीचा कणा हाताने चाचपतो. माशाचेही तसेच आहे. डोके मोठे, पाठ धारदार व पोट खपाटीला गेलेले दिसले की मासा रोडावला, हे ओळखता येते. परंतु नजर फसते, म्हणून मोजमाप हवे. ट्राउटसारख्या थंड पाण्यातील माशांसाठी परदेशी तलावांवर वापरतात तीच रीत आपल्या रोहू-कटल्यासही चालते. ग्रॅममधील वजनास १०० ने गुणावे व सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागावे. ३० सें.मी. लांबीचा रोहू ३२४ ग्रॅम भरला तर आकडा १.२ येतो, तेवढ्याच लांबीचा दुसरा २७० ग्रॅमच भरला तर १.० येतो. लांबी तीच, पण दुसऱ्याच्या अंगावर मांस नाही. कटला जात्याच रुंद असल्याने त्याची तुलना रोहूशी करू नये. तसेच पावसाळ्याच्या तोंडी गाभोळीने भरलेली मादी उगाच पुष्ट भासते; तिच्यावरून अनुमान बांधू नये.

या मोजणीचा खरा उपयोग तीनही जाती एकत्र पाहिल्यावर कळतो. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. कटला तेवढा रोडावला असेल तर वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी कमी पडले, असा संशय घ्यावा. अशा वेळी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून पाहावा. तळवा स्वच्छ दिसला तर पाण्यात नैसर्गिक खाद्य थोडे आहे. शेणखत बेताने द्यावे. मृगळच खंगला असेल तर तळाकडे लक्ष द्यावे. तिन्ही जाती रोडावल्या असतील तर बहुधा मासे फार आणि खाद्य अपुरे. मात्र कल्ले व खवले पाहिल्यावाचून हा निर्णय करू नये, कारण उवा लागलेला मासाही खंगतो.

"मासा वाढत नाही, बीज आणखी सोडा," असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो आम्हांस सर्वथैव चुकीचा वाटतो. भाताची रोपे दाट लावून लोंब्या भरत नाहीत, हे जाणणारा शेतकरी तळ्याच्या काठी ते का विसरतो, कोण जाणे! डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन घडवून आणल्यापासून बीज मिळण्याची वाट मोकळी झाली. तळ्याचे पाणी मात्र होते तेवढेच राहिले. रोड माशांच्या तळ्यात नवे बीज सोडणे म्हणजे उपाशी पंगतीत आणखी पाने मांडणे होय. तेथे विक्रीजोगे मासे काढून विरळणी करावी, कोंडा व शेंगदाण्याची पेंड द्यावी, आणि बीजाची मागणी करताना मागील मोजणीची वही सोबत जोडावी. अशी वही न पाहता बीज देऊ नये, असेही आम्ही म्हणू.

यास खर्च फारसा नाही. एक काटा, सेंटिमीटरच्या खुणा केलेली फळी आणि पाग एवढे पुरे. दरमहा सकाळच्या गारव्यात प्रत्येक जातीचे वीस-पंचवीस मासे मोजावेत. लांबी दरवेळी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतच घ्यावी. हात व फळी ओली ठेवावी, आणि मासा काट्यावरून उतरताच पाण्यात सोडावा.