टीबी नाही म्हणता, मग आहे काय ते शोधा
झाशी व परिसरातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
प्रकल्प संचालक, उत्तर प्रदेश राज्य एड्स नियंत्रण संस्था, लखनौ
प्राचार्य, महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय, झाशी

महोदय,

आमच्यापैकी कुणाला खोकला, ताप सुरू झाला आणि वजन उतरू लागले की डॉक्टर आधी टीबीचा विचार करतात. ते योग्यच आहे. एचआयव्ही असलेल्यांना आपल्या देशात सर्वाधिक गाठणारा संधिसाधू आजार टीबीच आहे. २००४ पासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) मोफत मिळू लागली, २०१७ पासून रक्तातल्या सीडी-४ पेशींचा आकडा कितीही असला तरी मिळू लागली, म्हणून आम्ही आज हे पत्र लिहायला आहोत. आमचे म्हणणे त्यापुढच्या टप्प्याविषयी आहे. बेडक्याची सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह येते, पण एक्स-रेत फुप्फुसात पोकळी दिसते, ताप हटत नाही. अशा वेळी बहुधा टीबीच्या गोळ्या अंदाजाने सुरू होतात आणि शोध तिथेच थांबतो.

अशा काही रुग्णांच्या छातीत नोकार्डिया किंवा ऱ्होडोकॉकस इक्वी हे जिवाणू असू शकतात. नोकार्डिया मातीत राहतो आणि धुळीबरोबर श्वासात जातो. ऱ्होडोकॉकस मुख्यतः शिंगरांना न्यूमोनिया करणारा. लीद मिसळलेल्या मातीत तो वाढतो. बुंदेलखंडात धूळ किती उडते ते आपण जाणता, आणि आमचे अनेक सभासद वीटभट्टीवर, गिट्टी क्रशरवर, शेतात राबतात. धडधाकट माणसाला हे जिवाणू सहसा त्रास देत नाहीत. सीडी-४ शंभराच्या खाली गेलेल्या माणसाच्या मात्र ते जिवावर बेततात, आणि नोकार्डिया तर फुप्फुसातून मेंदूपर्यंत पोहोचतो.

ते सापडत का नाहीत, याचे कारण साधे आहे. सीबीनॅट फक्त टीबीच्या जंतूचा जनुक शोधते. नेहमीच्या टीबी स्लाइडवर तीव्र आम्लाने धुतल्यावर नोकार्डियाचा रंग उडून जातो. एक टक्का सल्फ्युरिक आम्ल वापरले तर तो टिकतो. कल्चरच्या प्लेट सहसा दोन दिवसांत टाकून देतात, नोकार्डियाला मात्र कधी दोन-तीन आठवडे लागतात. ऱ्होडोकॉकस लवकर उगवतो, पण घशातला निरुपद्रवी जंतू समजून त्याला बाजूला काढले जाते. शिवाय टीबीच्या गोळ्यांतले रिफाम्पिसिन त्याच्यावर थोडेफार चालते. रुग्णाला काही दिवस बरे वाटते, सगळ्यांचा समज पक्का होतो आणि आजार उलटतो.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी: एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची सीबीनॅट निगेटिव्ह असेल आणि एक्स-रे बिघडलेला असेल, तर बेडक्याची ग्रॅम आणि सौम्य आम्लाची स्लाइड व्हावी आणि कल्चर प्लेट तीन आठवडे ठेवावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती प्रयोगशाळेला दिलेली लेखी सूचना. बेडका निघत नसेल, तर दुर्बिणीने फुप्फुसातून नमुना घेण्याची सोय झाशीतच व्हावी; लखनौ तीनशे किलोमीटरवर आहे आणि धाप लागलेल्या माणसाला तो प्रवास झेपत नाही. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘एचआयव्ही’ न लिहिता ‘प्रतिकारशक्ती कमी, नोकार्डियाचा संशय’ असे लिहावे. प्रयोगशाळेला तेवढे पुरते आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेली गोपनीयताही राखली जाते.

दुसरी मागणी औषधांची. नोकार्डियावरचे मुख्य औषध कोट्रायमोक्साझोल एआरटी केंद्रात असतेच, पण ते बचावाच्या मात्रेत. इलाजाला त्याची मात्रा कितीतरी पट लागते, तीही सहा ते बारा महिने, मेंदूत पसरल्यास वर्षभर किंवा अधिक. हा साठा वेगळा मंजूर व्हावा. गंभीर रुग्णाला लिनेझोलिड लागू शकते. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी तेच औषध सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळते. नोकार्डियाच्या रुग्णाने ते स्वतः विकत का आणावे? एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम १४ मध्ये एआरटीच्या जोडीला तपासणीच्या सोयी आणि संधिसाधू आजारांवरील उपचार स्पष्ट लिहिले आहेत. त्यात फक्त टीबी असे म्हटलेले नाही.

तिसरी मागणी आहाराची. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपये मिळतात. निदान टीबीवरून नोकार्डियावर गेले की तो या योजनेत बसत नाही. खरे निदान झाल्याबद्दल माणसाचे जेवण कमी होऊ नये. राज्य सरकारने तेवढीच मदत अशा रुग्णांना द्यावी.

चौथी मागणी माहितीची. रिफाम्पिसिन अंदाजाने सुरू करताना एआरटीतले डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. टीबी नाही असे ठरल्यावर ही वाढीव मात्रा कधी थांबवायची, हे समुपदेशकाने रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावे आणि कार्डावर लिहावे.

या मागण्यांवर तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि एआरटी केंद्र, टीबी विभाग व सूक्ष्मजीवशास्त्र विभाग यांची आमच्या दोन प्रतिनिधींसह बैठक व्हावी. उत्तर न आल्यास आम्ही एचआयव्ही-एड्स कायद्याखालील लोकपालांकडे तक्रार दाखल करू.

आपले,
संघटनेचे सभासद, झाशी