पावती मागा, आकडा पडताळा

सातारा व सांगली जिल्ह्यांतील बंधुभगिनींनो, यंदा ज्यांच्या घरचे लेकरू अभियांत्रिकी वा औषधनिर्माण महाविद्यालयाच्या दाराशी उभे आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत. खाजगी महाविद्यालय सांगेल तीच कायदेशीर फी, ही समजूत प्रथम टाकून द्या.

१९८३ साली सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना या राज्यात परवानगी मिळाली. जागा वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जागेमागून देणगीही आली, आणि १९८७ साली विधिमंडळाला कॅपिटेशन फी-बंदीचा कायदा करावा लागला. ज्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह काढले, त्या मुलखाला हा बदल बोचावा, यात नवल नाही. फीच्या बळावर महाविद्यालये चालविण्यास बाबासाहेबांनी १९२७ सालीच मुंबई कायदेमंडळात हरकत घेतली होती.

इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २००५ साली निर्वाळा दिला की, खर्च भागवून विकासापुरती वाजवी शिल्लक संस्थेने राखावी. नफेखोरी व देणगी मात्र वर्ज्य. २०१५ च्या राज्य कायद्यानुसार खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे हिशेब तपासून फी ठरविण्याचे काम शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आहे. एका वेळी एका वर्षाहून अधिक फी मागता येत नाही, हे तर न्यायालयाने २००३ सालीच सांगून ठेवले आहे. आश्चर्य हे की, इतके सारे असूनही पालक कचेरीच्या खिडकीशी हात जोडूनच उभे राहतात.

आणखी एक. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी दाखल्यावर पूर्वीची जात व धर्मांतर या दोहोंची नोंद तपासा. जात पुन्हा लिहावी लागते, ही सल आम्हांसही आहे. पण त्या सलीपायी मुलीचे वर्ष बुडवू नका. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. त्यातील फीची रक्कम महाविद्यालयाची आहे. ती घरखर्चात गेली तर संस्थेस बोट दाखविण्यास जागा मिळते.

फी भरताना प्रत्येक बाबीची छापील पावती घ्या आणि प्राधिकरणाने जाहीर केलेल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक दिसल्यास पावतीची नक्कल जोडून प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीची दाद लागत नाही.